ग्रीक-रोमन इतिहासातली दंतकथा कशी ओळखावी : एकेक गोष्ट तपासण्याची रीत

रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता. हे वाक्य इतकं रुळलं आहे की राजकारण्यांवर टीका करताना अग्रलेखातही ते सहज येतं. यातली आग खरी आहे. इ.स. ६४च्या जुलैमध्ये ती लागली आणि शहराच्या १४ विभागांपैकी फक्त ४ शाबूत राहिले, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. नीरोचं संगीतवेडही खरं. तो किथारा नावाचं तंतुवाद्य वाजवायचा, लोकांसमोर गायचा. फिडल मात्र अशक्य, कारण गजानं वाजवायची वाद्यं युरोपात त्यानंतर कित्येक शतकांनी आली. आणि आग भडकलेली असताना तो गात होता का? तशी अफवा उठली होती, एवढं नक्की सांगता येतं.

म्हणजे एकाच वाक्यात पक्की गोष्ट, अफवा आणि अशक्य गोष्ट असे तीन प्रकार एकत्र नांदत आहेत. ‘नीरोची गोष्ट खरी की खोटी?’ असं विचारलं तर यातलं काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी एक वेगळा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: ही गोष्ट, नेमक्या या तपशिलासह, पहिल्यांदा कोणी आणि केव्हा लिहिली? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाला उत्तर मिळावं म्हणून आहेत.

पायरी १ : वाक्य फोडा

ऐकलेली गोष्ट कागदावर लिहा आणि तिचे छोटे छोटे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात एकच दावा हवा: कोण, कुठे, कधी, काय केलं, का केलं. ‘का’चा तुकडा नेहमी वेगळा ठेवा, कारण माणसाच्या मनातला हेतू कुठल्याही जुन्या लेखकाला दिसलेला नसतो, तो त्यानं जोडलेला असतो. नवा राजवाडा बांधता यावा म्हणून नीरोनं आग लावली, हा असाच ‘का’चा तुकडा आहे. आगीनंतर त्यानं अवाढव्य राजवाडा बांधला, हे खरं. त्यासाठीच आग लावली, हे अनुमान.

पायरी २ : मूळ उतारा गाठा

इथे बहुतेक जण थबकतात, कारण ग्रीक-लॅटिन येत नाही. पण त्याची फारशी अडचण होत नाही. या लेखकांची जुनी इंग्रजी भाषांतरं स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत आणि ‘पर्सियस डिजिटल लायब्ररी’ किंवा ‘लॅकसकर्टियस’ या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात.

एक गोष्ट लक्षात ठेवली की शोध सोपा होतो. प्राचीन ग्रंथांचे संदर्भ पानांच्या आकड्यांनी देत नाहीत, भाग आणि प्रकरण यांच्या आकड्यांनी देतात. ‘हेरोडोटस ६.१०५’ म्हणजे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथाचा सहावा भाग, १०५वं प्रकरण. कुठलीही आवृत्ती, कुठलंही भाषांतर घ्या, हा आकडा तोच राहतो. त्यामुळे एखाद्या लेखात ‘प्राचीन इतिहासकार सांगतात’ एवढंच असेल आणि असा आकडा नसेल, तर तो लेख बाजूला ठेवायला हरकत नाही. आकडा असेल तर तो उतारा उघडा, आणि मागची-पुढची दोन प्रकरणंही वाचा. पुष्कळदा ‘पण माझा यावर विश्वास नाही’ हे लेखकाचं वाक्य तिथेच शेजारी सापडतं.

पायरी ३ : वर्षांची वजाबाकी करा

घटना कधीची, लेखक कधीचा, मधलं अंतर किती? मराठी वाचकाला हा हिशेब नवा नाही. सभासदाची बखर शिवकाल डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची आणि चिटणिसांची बखर शंभरेक वर्षांनंतरची, म्हणून दोन्हींना सारखं वजन देता येत नाही, हे आपण जाणतो. वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदपत्रांवर भर दिला तो याचसाठी. तीच शिस्त अथेन्स आणि रोमला लावायची.

मॅरेथॉनची गोष्ट घ्या. इ.स.पू. ४९०मध्ये ग्रीकांनी मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी फौजेला हरवलं, फिडिपिडीस नावाचा धावपटू विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावला, ‘आपण जिंकलो’ म्हणाला आणि कोसळून मेला. आता साखळी लावू.

हेरोडोटसचा जन्म लढाईनंतर पाच-सहा वर्षांनी झाला. लढाईत उतरलेली माणसं त्याच्या काळात हयात होती. तो या धावपटूबद्दल लिहितो, पण वेगळंच काही. हा धावपटू लढाईच्या आधी, मदत मागायला, अथेन्सहून स्पार्टाला धावला. अंतर सुमारे २४० किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी तो पोचला. स्पार्टावाल्यांनी पौर्णिमेआधी निघता येत नाही असं सांगितलं. वाटेत त्याला पॅन देव भेटला, असंही हेरोडोटस नोंदवतो. लढाईनंतर मॅरेथॉनहून अथेन्सकडे कोणी घाई केली असेल तर ती अख्ख्या सैन्यानं, कारण इराणी जहाजं वळसा घालून शहराकडे निघाली होती. बातमी देऊन मरण पावलेला धावपटू हेरोडोटसमध्ये नाहीच.

तो आपल्याला भेटतो ग्रीक चरित्रकार प्लुटार्कमध्ये, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षांनी. तिथेही त्याचं नाव फिडिपिडीस नाही. थर्सिप्पस असं एक नाव प्लुटार्क देतो, आणि बहुतेक जण युक्लीस म्हणतात असं सांगतो. थर्सिप्पस हे नाव तो इ.स.पू. चौथ्या शतकातल्या हेराक्लिडीसकडून घेतो, म्हणजे गोष्ट प्लुटार्कनं रचलेली नाही. पण लढाईनंतरच्या पहिल्या शंभर वर्षांत तिचा माग लागत नाही. विजयाची बातमी देऊन मरणाऱ्याला स्पार्टाला गेलेल्या धावपटूचं नाव मिळतं ते इ.स.च्या दुसऱ्या शतकातल्या ल्युशियन या ग्रीक लेखकाकडे. पुढे १८७९मध्ये इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगनं दोन्ही धावा एकाच माणसाच्या पायात बांधल्या, आणि १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी मिशेल ब्रेआल यांनी या नावाची शर्यत सुचवली.

ही साखळी अशीच कागदावर उभी मांडा: सर्वांत वर घटना, खाली एकेक लेखक, त्यासमोर साल, आणि त्यानं कुठला तपशील नव्यानं आणला. गोष्ट कुठे फुगली ते डोळ्यांना दिसतं. आणि हेही दिसतं की २४० किलोमीटरची खरी धाव, जी कितीतरी मोठा पराक्रम आहे, लोकांच्या स्मरणातून मागे पडली.

पायरी ४ : लिहिणाऱ्याची बाजू ओळखा

नीरोकडे परत या. आपल्यापर्यंत पोचलेले तीन मुख्य लेखक टॅसिटस, स्वेटोनियस आणि कॅसियस डिओ. आग लागली तेव्हा टॅसिटस आठेक वर्षांचा होता, स्वेटोनियस जन्मलाच नव्हता आणि डिओनं दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिलं. टॅसिटस आणि डिओ सिनेटर होते, स्वेटोनियस सम्राटाच्या दरबारात अधिकारी होता, आणि नीरोचं घराणं संपल्यावर सत्तेवर आलेल्यांना नीरो वाईट ठरण्यातच सोय होती.

तरी टॅसिटस काय म्हणतो पाहा. आग लागली तेव्हा नीरो अँटियमला होता. परत आल्यावर त्यानं बेघर लोकांसाठी कॅम्पस मार्टियसचं मैदान आणि स्वतःच्या बागा खुल्या केल्या, ऑस्टियाहून अन्न आणवलं, धान्याचा भाव उतरवला. तरीही लोकांचं मन वळलं नाही, कारण शहर जळत असताना तो आपल्या खासगी रंगमंचावर ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गायला, अशी अफवा पसरली होती. आग अपघातानं लागली की सम्राटाच्या कपटानं, हे निश्चित नाही, आणि दोन्ही मतांचे लेखक आहेत, असंही तो सांगतो. स्वेटोनियसकडे ही अफवा सरळ घटना बनते: मनोऱ्यावरून, रंगभूमीच्या वेशात गाणं. डिओकडे मनोऱ्याच्या जागी राजवाड्याचं छप्पर येतं.

इथून दोन नियम घ्या. पहिला: विरोधकानं दिलेली अनुकूल साक्ष फार मोलाची असते. टॅसिटसला नीरोबद्दल प्रेम नाही, म्हणून मदतकार्याचा तपशील भरवशाचा. दुसरा: ‘म्हणतात’, ‘अशी वदंता आहे’, ‘त्याचा विचार होता’ असे शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करा, कारण पुढच्या माणसाच्या हातून तेच आधी गळतात. रोमन सम्राट कॅलिगुलानं घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी केलं, ही गोष्ट अशीच घडली. स्वेटोनियस एवढंच म्हणतो की तसा त्याचा बेत होता असं सांगतात. घोडा कॉन्सल कधीच झाला नाही.

प्राचीन लेखकांबद्दल मला आदर वाटतो तो इथे. सांगितलेलं सांगणं माझं काम आहे, ते सगळं मानणं नाही, असं हेरोडोटस स्पष्ट लिहितो. रोमच्या स्थापनेआधीच्या कथा मी खऱ्याही ठरवणार नाही आणि खोट्याही, असं रोमन इतिहासकार लिव्ही प्रस्तावनेतच म्हणतो. स्पार्टाचे कायदे घडवणारा मानल्या गेलेल्या लायकर्गसचं चरित्र सुरू करतानाच प्लुटार्क कबूल करतो की या माणसाबद्दल निर्विवाद असं काहीच सांगता येत नाही. त्यांची सावधगिरी आपण गमावली, त्यांनी नाही.

पायरी ५ : आकड्यांना जेवू घाला

सैन्याचा आकडा दिसला की विचारा: एवढी माणसं रोज काय खात होती, कुठलं पाणी पीत होती, किती लांब रांगेनं चालत होती?

इ.स.पू. ४८०मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस यानं ग्रीसवर आणलेलं पायदळ हेरोडोटस १७ लाख सांगतो आणि नोकरचाकर धरून एकूण माणसं ५२,८३,२२०. मोजणी कशी केली तेही सांगतो: दहा हजार माणसं दाटीवाटीनं उभी करून भोवती रेघ आखली, त्या रेघेवर कुंपण घातलं आणि ते कुंपण पुन्हा पुन्हा भरून रिकामं केलं. रोजचं धान्यही तो काढतो: १,१०,३४० मेडिम्नस. एक मेडिम्नस साधारण ५२ लिटरचा, म्हणजे दररोज चार हजार टनांहून अधिक धान्य, तेही बैलगाड्या आणि जहाजांवर. जर्मन इतिहासकार हान्स डेलब्र्युकनं रांगेचा हिशेब मांडला होता: इतकी फौज असती तर पुढची तुकडी ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचली तेव्हा शेवटची तुकडी अजून इराणमधलं सुसा शहर सोडत असती. आजचे अभ्यासक एक ते तीन लाख, काही जण त्याहून कमी धरतात.

म्हणून हेरोडोटस अख्खा फेकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याच भागात थर्मोपिलीच्या ३०० स्पार्टनांचा आकडा आहे, आणि त्या सगळ्यांची नावं मी मिळवली असं तो म्हणतो. स्वतःच्या माणसांची यादी आणि शत्रूच्या फौजेचा अंदाज या दोन वेगळ्या जातीच्या माहिती आहेत. शेवटच्या दिवशी खिंडीत थेस्पियाचे ७०० आणि थीब्जचे ४०० लोकही होते, हेही तोच सांगतो. थेस्पियाच्या त्या सातशे जणांना लोक विसरले याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पायरी ६ : माती, धातू, हस्तिदंत

उत्खननात सापडलेली वस्तू खोटं बोलत नाही, पण तिच्यावर लावलेली चिठ्ठी चुकू शकते. हे दोन्ही वेगळं ठेवा.

ट्रॉय शोधायला निघालेल्या श्लीमन या जर्मन उत्खननकारानं १८७३मध्ये तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकाडात सोन्याचे दागिने काढले आणि होमरच्या काव्यातल्या ट्रॉयच्या राजावरून ‘प्रायमचा खजिना’ असं नाव दिलं. ट्रॉयच्या युद्धाचा काळ परंपरेनं इ.स.पू. १२००च्या आसपासचा धरतात; तो खजिना त्याहून हजारेक वर्षांनी जुना निघाला. सोनं खरं, नाव चुकीचं. उलट बाजूनंही पाहा. त्याच टेकाडात सुमारे इ.स.पू. ११८०मध्ये जळालेल्या वस्तीचा थर आहे. तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती राज्याच्या दप्तरातल्या मातीच्या पाट्यांवर विलुसा नावाचं राज्य आणि अलक्सांदू नावाचा त्याचा राजा आहे, आणि विलुसा म्हणजेच ट्रॉयचं इलिऑन हे नाव, असं बहुतेक अभ्यासक मानतात. होमरच्या काव्यात रानडुकराच्या सुळ्यांनी मढवलेलं शिरस्त्राण येतं. तसली शिरस्त्राणं मायसीनी काळातल्या, म्हणजे होमरच्या कित्येक शतकं आधीच्या ग्रीक थडग्यांत सापडली, आणि होमरच्या काळापर्यंत ती केव्हाच वापरातून गेली होती. लाकडी घोडा यातून सिद्ध होत नाही. काव्यात जुन्या काळाचे खरे अवशेष अडकून राहिले आहेत, इतकं मात्र सिद्ध होतं.

आपल्याकडचं उदाहरण तर फारच बोलकं. १९३८मध्ये पाँपेईत एका घरात हस्तिदंताची छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. व्हेसुव्हियसनं पाँपेई इ.स. ७९मध्ये गाडलं, म्हणून मूर्ती त्याआधीची, यात शंका नाही. तिला ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणतात. पण तिच्यात लक्ष्मीची ठळक लक्षणं नाहीत, आणि आज बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती सापडल्या त्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला. हे तेर म्हणजेच ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी पुस्तिकेतलं तगर. त्याच पुस्तिकेत पैठण, सोपारा आणि कल्याणही आहेत. यावरून काय म्हणता येतं? सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिरीचा इटलीशी संबंध होता, हे. रोमन लोक घरात लक्ष्मीपूजन करत, हे नाही. असले निष्कर्ष काढणारे संदेश फिरतात तेव्हा मूर्ती आणि चिठ्ठी वेगळी करा.

पायरी ७ : मौन केव्हा मोजायचं

रोमनांनी इ.स.पू. १४६मध्ये उत्तर आफ्रिकेतलं शत्रूचं शहर कार्थेज जमीनदोस्त केलं आणि शेतात मीठ पेरलं, असं कित्येक पुस्तकांत आहे. एकाही प्राचीन लेखकात मीठ नाही. १९३०च्या केंब्रिज प्राचीन इतिहासातही ते आलं होतं. १९८६मध्ये रिडली या अभ्यासकानं त्याला मूळ आधारच नसल्याचं दाखवलं. मीठ पेरण्याची कल्पना बायबलमधल्या शखेम शहराच्या कथेत आहे.

पण ‘कोणी लिहिलं नाही’ हा पुरावा प्रत्येक वेळी चालत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात: लेखकाला माहीत असायला हवं होतं, सांगण्यासारखं वाटायला हवं होतं, आणि त्याचं लिखाण टिकायला हवं होतं. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस कार्थेजच्या पाडावाला हजर होता. त्याच्या ग्रंथाचा तो भाग तुकड्यांतच उरला, पण विनाशाचं तपशीलवार वर्णन नंतरच्या ॲपियन या इतिहासकारामध्ये आहे आणि त्यातही मीठ नाही. शिवाय व्यवहारही पाहा. ती जमीन रोमनांनी स्वतःकडे घेतली, पुढे तिथे वसाहत केली, आणि आफ्रिका प्रांत रोमचं धान्याचं कोठार बनला.

पायरी ८ : जी गोष्ट आवडते तीच आधी तपासा

पोरसनं अलेक्झांडरला हरवलं, हा दावा आपल्याकडे वारंवार फिरतो. तो खरा असावा असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच इथे शिस्त दुप्पट लागते.

लढाई इ.स.पू. ३२६, झेलमच्या काठी. त्या काळातलं एकही भारतीय वर्णन आपल्याकडे नाही. टिकलेल्या ग्रीक-रोमन वर्णनांत सर्वांत जुनं ग्रीक इतिहासकार डायोडोरसचं, तेही जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचं. एरियन हा ग्रीक इतिहासकार त्याहूनही नंतरचा, इ.स.च्या दुसऱ्या शतकातला. वजाबाकीच्या नियमानं डायोडोरस वरचढ ठरायला हवा. पण एरियन आपले आधार नावानिशी सांगतो: टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस, दोघंही मोहिमेत होते. त्यामुळे वजाबाकी लेखकाच्या सालावर थांबवू नका, त्याच्या आधारापर्यंत न्या.

आता आकडे. मॅसिडोनियन बाजूचे मृत एरियन सुमारे ३१० सांगतो, डायोडोरस हजारच्या आसपास. पोरसचे हत्ती एरियनकडे २००, डायोडोरसकडे १३०, रोमन लेखक कर्टियसकडे ८५. जिंकणाऱ्याच्या बाजूच्या लेखकांत एवढा फरक असेल तर स्वतःची हानी कमी दाखवली गेली, असं धरायला जागा आहे. लढाई भयंकर अवघड होती, याबद्दल मात्र सगळे एकमतानं बोलतात.

निकालाचं काय? त्यानंतर अलेक्झांडर आणखी पूर्वेला, बियासपर्यंत गेला. हरलेली फौज त्या दिशेनं जात नाही. पोरसला राज्य परत मिळालं आणि वर आणखी मुलूखही मिळाला, पण अलेक्झांडरच्या अधिपत्याखाली, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वाटणीतही पोरसचं नाव आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या चांदीच्या नाणे-पदकांवर घोडेस्वार हत्तीवरच्या योद्ध्यांचा पाठलाग करताना दिसतो. तो प्रचार आहे हे खरं, पण समकालीन किंवा अगदी जवळच्या काळातला आहे. तेव्हा माझा निर्णय असा: अलेक्झांडर जिंकला, पक्कं; विजय महागात पडला, बहुधा; हानीचे नेमके आकडे, संशयास्पद; ‘राजानं राजाशी वागावं तसं वागव’ हे उत्तर, शक्य, कारण एरियन आणि प्लुटार्क दोघंही देतात, पण गाजलेले संवाद लेखक सुबक करून लिहीत; ‘पोरस जिंकला’ हा दावा, निराधार, कारण त्याला एकही प्राचीन आधार नाही.

पक्कं, बहुधा, शक्य, संशयास्पद, निराधार. पहिल्या पायरीत केलेल्या प्रत्येक तुकड्यासमोर यातला एक शब्द लिहा, आणि त्याखाली एका ओळीत कारण. कारण लिहिता आलं नाही तर शब्द बदला.

सरावासाठी क्लिओपात्राचा साप घ्या: इजिप्तची ही राणी सापाच्या दंशानं मेली, ही गोष्ट. तीन उतारे पुरतील: स्ट्रॅबो १७.१.१०, प्लुटार्कच्या अँटनी-चरित्रातली ८५ आणि ८६ ही प्रकरणं, आणि डिओ ५१.१४. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोपासून सुरुवात करा, कारण इ.स.पू. ३०मध्ये ती मेली तेव्हा तो हयात होता आणि पुढच्या काही वर्षांत इजिप्तला राहूनही आला. त्याच्याकडेच दोन पर्याय सापडतील, साप किंवा विषारी लेप. प्लुटार्क वाचताना खोलीत साप सापडला का, हे पाहा, आणि तिला हरवणाऱ्या ऑक्टेव्हियनच्या विजयमिरवणुकीत काय मिरवलं गेलं तेही.